दुसऱ्या मताचा हिशेब

आपल्या पुढाऱ्यानं समोरच्या पक्षातल्या माणसाची तारीफ केली की आपल्या पोटात कालवतं. काहून कालवतं? पुढारी म्हणतात, हा मनाचा मोठेपणा. पेपरवाले म्हणतात, सुसंस्कृत राजकारण. आपण म्हणतो, गेला हा, सौदा झाला. यात खरं कोण, ते अंदाजानं सांगता येत नाही. त्यासाठी इतिहास उपसावा लागतो. नि तो उपसायला मुंबई-दिल्लीला जायचं काम नाही. तो इथंच आहे, आपल्या धानाच्या बांध्यांत.

गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो. १९५४ साली तर आपण महाराष्ट्रातही नव्हतो. जुन्या मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. त्या साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ एक, खासदार दोन. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर त्यांच्या जोडीला प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता.

ही जोडी नवी नव्हती. १९५२ साली उत्तर मुंबईत दोघे असेच उभे होते नि दोघेही पडले होते. बाबासाहेबांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी हरवलं. त्या वेळी दोन मतं एकाच उमेदवाराला चालत नसत. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले की एक बाद. 'मतं कुजवा' हा प्रचार तिथं झाला आणि चौऱ्याहत्तर हजारांवर मतं कुजली. कम्युनिस्टांनी हे केलं असा आरोप होता. बाबासाहेब आणि मेहता दोघे मिळून त्याविरुद्ध दाद मागायला गेले. कुजलेलं मत काय करतं, हे बाबासाहेबांना ठाऊक होतं.

मुंबई आणि भंडारा यांच्या मधात मात्र एक गोष्ट घडली. जून १९५३. बैतूलला प्रजा समाजवाद्यांचं अधिवेशन भरलं. बैतूल तेव्हा आपल्याच राज्यात. तिथं अशोक मेहतांनी सिद्धांत मांडला : देश मागासलेला आहे, गरीब आहे, अशा देशात विरोधी पक्षानं नुसता विरोध करून भागत नाही, सत्ताधाऱ्यांशी जिथं जुळतं ती जागा शोधावी, तिथं सहकार्य करावं. म्हणजे काँग्रेसमध्येही कामाची माणसं आहेत, त्यांच्याबरोबर चालता येतं. राममनोहर लोहिया यांनी कडाडून विरोध केला. पक्षाच्या पोटात शंकेचा काटा मोडला तो मोडलाच.

वर्ष सरत नाही तो हेच मेहता भंडाऱ्यात काँग्रेसविरुद्ध मतं मागायला आले. लबाडी होती, असं मी म्हणत नाही. विद्वान माणूस, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस. पण आपल्या अडाणी आजीनं विचारला असता तो सवाल विचारावाच लागतो : बापा, ज्यांच्याशी जुळतं म्हणतोस त्यांच्याविरुद्ध माझं मत कशाला मागतोस?

बाबासाहेब तेव्हा आजारी होते. तरी या भागात हिंडले, सभा घेतल्या. भाषणांत नेहरू सरकारची साल काढली. ते स्वतः चार वर्षं त्याच नेहरूंच्या मंत्रिमंडळात बसलेले. पण त्या खुर्चीचं मिंधेपण जिभेवर नव्हतं. कार्यकर्त्यांचा हिशेब साधा होता : आपली दुसरी मतं कुजवा, म्हणजे राखीव जागेचं पारडं जड होईल. बाबासाहेबांनी ते होऊ दिलं नाही, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घटना लिहिणारा माणूस मत जाळा म्हणून कसा सांगेल? दुसरं मत मेहतांना गेलं.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून जास्त मतांनी पडले. मतदार तेच, दिवस तेच, पेट्या त्याच केंद्रांवर. एक वर, एक खाली. याचा अर्थ लावायला कॉलेज लागत नाही. आपल्या वस्तीतलं दुसरं मत तिकडे गेलं. तिकडच्या वाड्यांतलं दुसरं मत इकडे आलं नाही. दोन वर्षांनी बाबासाहेब गेले. लोकसभेत निवडून जायचं राहूनच गेलं.

आणि मेहता? १९६३ साली त्यांनी काँग्रेस सरकारकडून नियोजन मंडळाचं उपाध्यक्षपद घेतलं. पक्षानं काढून टाकलं. १९६४ ला काँग्रेसमध्ये गेले. १९६६ ला केंद्रात मंत्री झाले. बैतूलला पेरलं ते दहा वर्षांनी उगवलं. खरं बोलायचं तर त्यांची दुसरी बाजूही सांगावी लागेल. १९६८ साली रशियन फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, भारत सरकार गुळमुळीत राहिलं, तेव्हा मेहतांनी मंत्रिपद सोडलं. आणीबाणीत तुरुंगात गेले. माणूस विकाऊ नव्हता. पण भंडाऱ्यातल्या त्या दुसऱ्या मताला कोणी विचारलं का, की तुझ्या जोरावर निवडून आलेला माणूस आता तुझ्या विरोधकाच्या घरात राहायला चालला, चालेल का?

मग काय, कोणी कोणाला चांगलं म्हणूच नये? तसं म्हणणारा आंबेडकरवादी असेल तर त्यानं २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं घटना समितीतलं भाषण वाचावं. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं म्हणून अख्खा ग्रंथ लिहिणारा माणूस. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा पुढारी. तो उभा राहतो आणि सांगतो की घटना समितीचं काम सुरळीत झालं याचं श्रेय काँग्रेस पक्षाच्या शिस्तीला आहे. विरोधी पक्षाची तारीफ, तीही भर सभेत! आणि त्याच दमात, ज्यांनी घटनेच्या मसुद्यावर कडक टीका केली त्या सभासदांचेही आभार मानतो. आणि त्याच भाषणात बजावतो की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

फरक इथं आहे. बाबासाहेबांनी काम सांगितलं, त्याची हद्द सांगितली आणि तोंड मोकळं ठेवलं. दोन वर्षांच्या आत, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल रखडलं तेव्हा राजीनामा फेकला नि त्याच काँग्रेसचा पंचनामा केला. ही तारीफ म्हणजे पावती होती. पावती दिली म्हणजे घर लिहून दिलं असं होत नाही.

आम्ही राइस मिलवाले हे लवकर ओळखतो. दलाल पोत्यात हात घालतो, तळहातावर धान घेतो, तोंडात दाणा फोडतो नि म्हणतो, दाणा चांगला पण ओल आहे. तो माल बघतो आहे. दुसरा पोत्याला हातच लावत नाही. दुरूनच शेठ किती भला माणूस हे सांगत राहतो. तेव्हा हमालही समजतो, भाव आधीच ठरला.

बाबासाहेबांच्या मागं आपल्याकडे हेच झालं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह करून काँग्रेस सरकारचे तुरुंग भरले. पुढे त्यांच्याच गटानं काँग्रेसशी समझोता केला. रा. धों. भंडारे काँग्रेसमध्ये गेले, १९७३ ला बिहारचे राज्यपाल झाले. १९७२ ला पँथर उठली. नामदेव ढसाळ आमच्या कवितेचा बाप. त्यानंच आणीबाणीत, १९७६ साली, इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. मी कविता लिहितो म्हणून हे मला जास्त लागतं. शब्द त्यानं दिले, ते मी नाकारत नाही. पण त्या शब्दांचाही हिशेब होणार.

आणि अलीकडचं? ऑक्टोबर २०१४. विधानसभेचे निकाल अजून पुरे लागायचे होते आणि गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांनी राष्ट्रवादीतर्फे भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला. ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांनाच. २ जुलै २०२३ ला ते अजित पवारांबरोबर उघडपणे भाजपच्या बाजूला गेले. नाना पटोले काँग्रेसमधून भाजपमध्ये, तिथून खासदार, मग डिसेंबर २०१७ ला राजीनामा आणि परत काँग्रेस. गोपालदास अग्रवाल २०१९ ला काँग्रेसमधून भाजपमध्ये, २०२४ ला परत काँग्रेसमध्ये. यात एक नोंद करण्यासारखी आहे. पटोलेंनी सत्तेत असताना आपल्याच पक्षावर टीका केली नि खासदारकी सोडली. बाकीच्यांचं तुम्ही तपासा.

तेव्हा दोस्तहो, पुढारी समोरच्याला चांगलं म्हणाला की लगेच शिव्या देऊ नका, टाळ्याही देऊ नका. विचारा : कोणतं काम चांगलं, नाव सांग. उद्या त्यानं आमची जमीन लाटली, आमच्या पोराची स्कॉलरशिप अडवली, तर तुझं तोंड उघडेल का? आणि तू तिकडे जाणार असशील तर आमचं मत आधी परत कर, मग जा.

१९५४ ला आपल्या बापजाद्यांनी दुसरं मत इमानदारीनं दिलं. ते चुकले नाहीत. घेणाऱ्यांनी फेडलं नाही. ती उधारी अजून बाकी आहे.