लिनक्स संगणकावरील आरंभपट : इतिहास आणि दोषचिकित्सा

संगणकाची कळ दाबल्यापासून तो वापरणाऱ्याच्या स्वाधीन होईपर्यंत जो अल्प काळ जातो, त्या काळात पडद्यावर काय दिसावे हा प्रश्न वरवर पाहता केवळ शोभेचा आहे. परंतु लिनक्स या प्रणालीच्या इतिहासात या प्रश्नाने अभियंत्यांना पुनःपुन्हा वादात गुंतविले आहे. आजही एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या विभागाचे बोधचिन्ह आरंभी दिसावे म्हणून चित्र बसविले, तर ते दिसतच नाही, किंवा बदलूनही जुनेच दिसते, किंवा काळ्या पडद्यापुढे यंत्र थिजल्यासारखे होते, असा अनुभव वारंवार येतो. अशा वेळी दोष चित्रात शोधण्याची प्रवृत्ती असते. वस्तुतः चित्र ज्या क्षणी हवे असते त्या क्षणी यंत्रापाशी कोणती साधने उपलब्ध असतात, हे पाहिल्यावाचून दोषाचा उलगडा होत नाही. आणि ती साधने आज जशी आहेत तशी का आहेत, हे इतिहासावाचून कळत नाही.

यंत्राच्या आरंभाला इंग्रजीत 'बूट' म्हणतात. हा शब्द 'बूटस्ट्रॅप'चा संक्षेप होय. स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावे, अशी ती कल्पना. तबकडीवरचा कार्यक्रम वाचावयाचा, तर तबकडी वाचू शकणारा कार्यक्रम आधी हवा, हा पेच त्या शब्दात नेमका उतरला आहे. पुढे आरंभपटाच्या वाट्याला आलेला पेचही याच जातीचा आहे.

लिनस टोरवाल्ड्स याने 1991 साली हेलसिंकी येथे लिनक्सचा पहिला गाभा, म्हणजे 'कर्नल', प्रसिद्ध केला, तेव्हा आरंभी दिसे तो केवळ मजकूर. कोणते उपकरण सापडले, तबकडीचे किती भाग आढळले, काय बिघडले, हे कर्नल ओळीमागून ओळ सांगत जाई. तो मजकूर रूक्ष खरा. पण यंत्र अडले तर कोठे अडले हे शेवटच्या ओळीवरून कळत असे. या प्रामाणिकपणाचे मोल पुढच्या सौंदर्यप्रेमी पिढीला फारसे वाटले नाही, असे म्हणावे लागते.

चित्राचा प्रवेश मागील दाराने झाला. लॅरी इविंग याने 1996 मध्ये 'टक्स' नावाचा पेंग्विन चितारला. पुढे कर्नलला बिंदुरेखित पडद्यावर, म्हणजे 'फ्रेमबफर'वर, अक्षरे उमटविता येऊ लागली, तेव्हा वरच्या कोपऱ्यात हा पेंग्विन उभा राहू लागला. यंत्रात जितके प्रक्रियक तितके पेंग्विन, अशी गंमतही त्यात होती. मजकूर मात्र चित्राखाली पूर्ववत वाहत असे. हे चित्र 80 बाय 80 बिंदूंचे आणि फार तर 224 रंगांचे असून ते कर्नलच्या पोटातच शिवलेले असे. स्वतःचे चित्र हवे असेल त्याने कर्नलच नव्याने संकलित करावा! कष्ट मोठे होते, पण एक लाभ होता : कर्नल आला म्हणजे चित्र आलेच. दोन्ही एकाच वस्तूचे भाग असल्याने त्यांच्यात ताटातूट संभवत नसे.

ही ताटातूट पुढच्या प्रयत्नांत झाली. जर्मनीतील सुसे या वितरणाने कर्नलला 'बूटस्प्लॅश' नावाची पुरवणी जोडली. तिच्यामुळे मजकुरामागे पूर्ण पडदाभर चित्र येऊ लागले. मात्र त्यासाठी जेपेग प्रकारचे चित्र उलगडण्याचे यंत्रणातंत्र थेट कर्नलमध्ये घालावे लागले. चित्र उलगडण्यासारखे काम यंत्राच्या सर्वाधिक विशेषाधिकारी भागात करावे काय, हा आक्षेप गंभीर होता, आणि ती पुरवणी मूळ कर्नलमध्ये कधीच स्वीकारली गेली नाही. रेड हॅटच्या परंपरेतील फेडोराने 2003 मध्ये उलट टोक गाठले. त्यांच्या 'आरएचजीबी'ने आरंभीच्या दोन घटका शोभेसाठी संपूर्ण 'एक्स' चित्रव्यवस्था लवकर उभी करण्याचा मार्ग धरला. दाराला तोरण बांधण्यासाठी मांडव घालण्यासारखाच हा प्रकार होता. उबुंटूने 2005 पासून 'यूस्प्लॅश' हे हलके साधन वापरले. त्यात नवे चित्र बसविणे म्हणजे एक छोटा कार्यक्रमच संकलित करणे असे.

या साऱ्यांत पडदा लुकलुकत असे, कारण पडद्याची मांडणी ठरविण्याचा अधिकार कर्नलकडून चित्रव्यवस्थेकडे हस्तांतरित होई. हा अधिकार कर्नलकडेच ठेवण्याची सुधारणा इंटेलच्या चित्रकार्डांसाठी मार्च 2009 मध्ये कर्नलच्या 2.6.29 या आवृत्तीत आली. तिच्या आधारावर विसंबणारा 'प्लिमथ' हा कार्यक्रम त्याआधीच, नोव्हेंबर 2008 मध्ये, फेडोरा 10 बरोबर प्रसिद्ध झाला होता. साहजिकच ज्यांच्या कार्डाला ही सोय नव्हती, त्यांना चित्राऐवजी मजकुरी प्रगतिपट्टी दिसली. उबुंटूने एप्रिल 2010 मध्ये प्लिमथच स्वीकारला. आज प्रमुख वितरणांत तोच आढळतो, आणि दोषचिकित्सा म्हणजे बहुतांशी त्याचीच चिकित्सा होय.

प्लिमथ कर्नलबाहेर राहतो, पण त्याला तबकडी उघडण्यापूर्वी कामास लागावे लागते. म्हणून कर्नलबरोबर जी लहानशी तात्पुरती फाइलव्यवस्था स्मृतीत चढविली जाते, जिला 'इनिटरॅमएफएस' म्हणतात, तीत प्लिमथ, त्याचा पट आणि त्या पटाची चित्रे यांची एक वेगळी प्रत ठेवलेली असते. सर्वांत सामान्य दोषाचे मूळ या प्रतीत आहे. वापरणारा तबकडीवरील चित्र बदलतो. पण आरंभी बोलते ती स्मृतीत चढलेली जुनी प्रत. ती प्रत पुन्हा बांधल्यावाचून बदल प्रकट होत नाही. फेडोरात 'ड्रेकट' आणि उबुंटूत 'अपडेट-इनिटरॅमएफएस' या आज्ञा हेच काम करतात. प्रतीत काय आहे याची यादी पाहण्याची आज्ञाही दोन्हीकडे आहे, आणि चिकित्सेची पहिली पायरी म्हणून ती पाहावीच. दुसऱ्या पटाची नक्कल करून नवा पट केला असेल, तर वर्णनफाइलीत चित्रांच्या कप्प्याचा पत्ता जुन्याच पटाचा राहून जातो, ही चूकही त्या यादीवरून उघड होते. कप्प्याचे नाव व वर्णनफाइलीचे नाव एकच असावे लागते, हेही विसरले जाते. चित्र 'पीएनजी' प्रकारचे हवे. जेपेग फाइलीचे केवळ नाव बदलून भागत नाही. सुसेच्या जुन्या पुरवणीला जे चाले ते येथे चालत नाही.

यंत्र पूर्ण सुरू झाल्यावर व्यवस्थापकाच्या अधिकाराने प्लिमथ हाती चालवून पाहता येतो. तेव्हा चित्र उमटले आणि आरंभी मात्र उमटले नाही, तर पट निर्दोष असून दोष प्रतीत, चित्रकार्डाच्या ड्रायव्हरात किंवा कर्नलला दिलेल्या सूचनांत आहे, असे निश्चित अनुमान काढता येते. उबुंटूत 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' या दोन सूचना लागतात; फेडोरात दुसरीऐवजी 'आरएचजीबी' हे जुनेच नाव आजही चालते, जरी ते नाव धारण करणारा कार्यक्रम केव्हाच अस्तंगत झाला आहे. शब्द वस्तूपेक्षा चिवट असतो, याचे भाषाभ्यासकास हे एक चांगले उदाहरण होय.

'क्वाएट'चा अर्थही नीट ध्यानात घ्यावा. त्या सूचनेने कर्नलचे संदेश पडद्यावरून दूर होतात, नष्ट होत नाहीत. ते स्मृतीत साठतात आणि नंतर वाचता येतात. पट दिसत असता एस्केप कळ दाबली तरी चालू तपशील उघडा होतो. परंतु यंत्र मध्येच थांबले आणि समोर केवळ स्थिर बोधचिन्ह उरले, तर या गोष्टी ठाऊक नसलेल्या माणसास 1991 च्या वापरणाऱ्याइतकेही कळत नाही.

याहून गंभीर प्रसंग कूटबद्ध तबकडीचा. अशी तबकडी उघडण्याचा संकेतशब्द विचारण्याचे काम आरंभपटाकडेच असते. हाताने लिहिलेल्या पटात संकेतशब्दाचा प्रश्न दाखविण्याचा भाग लेखकाने घातला नसेल, तर प्रश्न विचारला जातो पण दिसत नाही. चित्र शांतपणे उभे असते आणि यंत्र उत्तराची वाट पाहत असते. वापरणारा ते बिघडले असे समजून वीज तोडतो. शोभेसाठी केलेला बदल येथे माणसाला त्याच्याच दस्तऐवजांपासून वंचित करू शकतो. कर्नलच्या सूचनांत प्लिमथ बंद करण्याची सूचना तात्पुरती घातली, की मजकुरी प्रश्न पुन्हा दिसतो. नवा पट बसविण्यापूर्वी ही वाट ठाऊक असणे आवश्यक आहे.

चित्र कर्नलमध्ये परत न्यावे, असा प्रस्ताव सुसेकडून 2017 मध्ये पुन्हा आला आणि पुन्हा स्वीकारला गेला नाही. फेडोरा 30 ने 2019 मध्ये वेगळी युक्ती केली : यंत्र बनविणाऱ्याच्या चिन्हाची नोंद मूलप्रणाली ज्या कोष्टकात ठेवते, तेथून ते चिन्ह घेऊन प्लिमथने तेच पुढे चालू ठेवावयाचे. पडदा लुकलुकण्याचे त्यामुळे बरेचसे टळले.

मराठी वापरणाऱ्यास यापुढचा एक प्रश्न उरतो. कर्नलच्या मजकुरी पडद्याचा टंक 256 किंवा 512 आकृतींपुरता असतो आणि त्याला जोडाक्षरे घडविण्याची विद्या नाही. म्हणून देवनागरी मजकूर तेथे नीट उमटत नाही. प्लिमथची अक्षरे 'पँगो' या ग्रंथालयाच्या द्वारे उमटत असतील तर जोडाक्षरे शुद्ध येतात, परंतु त्यासाठी ते ग्रंथालय आणि देवनागरी टंक ही दोन्ही स्मृतीतील प्रतीत घातलेली असावी लागतात. टंक राहून गेल्यास अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात किंवा काहीच दिसत नाही. प्लिमथमध्ये पँगोवाचून अक्षरे उमटविणारा हलका पर्यायही आला आहे. तो आकृती एकेक करून मांडतो, तेव्हा ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षर हलन्त होऊन फुटते. ज्यांना 'कृपया प्रतीक्षा करावी' एवढेच दाखवावयाचे आहे, त्यांनी ती ओळ चित्र म्हणून आधीच पीएनजीत उतरवून ठेवणे श्रेयस्कर. संकेतशब्दाच्या प्रश्नासारखा ठराविक मजकूरही त्याच रीतीने बसतो; मात्र चालू संदेशांचा मजकूर आधी ठाऊक नसल्याने त्यांच्यासाठी पँगो आणि टंक प्रतीत घालण्यास पर्याय नाही.