दोन कोकरांची माय

आमचं ढाणकी उमरखेड तालुक्यातलं. कापूस, हळद, आता सोयाबीन. पण माझ्या लहानपणी आमच्या घराची ऐपत मोजली जायची ती मेंढरांवर. दिवाळीनंतर मोकळ्या वावरांत मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून ज्वारी घ्यायची. आज या वावरात, उद्या पल्याडच्या.

अशा चालत्या कळपात जुळी झाली की आनंदापेक्षा काळजी जास्त. दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. दोन झाली तर दोन्ही लहान, अशक्त. दूध एकाला पुरेल एवढंच, आणि सकाळी पुन्हा चालायचं. आजा म्हणायचा, "दोन झाले त एक देवाचं." ऐकायला निष्ठुर, पण त्यामागं हिशेब होता. दोघांना अर्धपोटी ठेवून दोन्ही घालवण्यापेक्षा एक जगवावं.

आजीला तो हिशेब कधीच पटला नाही. पावसाळ्याच्या तोंडी फळलेली मेंढी पाच महिन्यांनी, म्हणजे ऐन थंडीत विते. शेवटच्या दीड महिन्यात आजी पोटाखाली हात घालून पाहायची. पोट दोन्हीकडून तटलेलं दिसलं की ती मेंढी वेगळी बांधायची. तिला तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा आणि मूठभर सरकीची ढेप. बाकीच्यांना नाही. घरात यावरून कुरबुर व्हायची.

पुढं कळलं की आजीचा हात बरोबर जागी होता. कोकराची पोटातली बहुतेक वाढ याच शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात दोन असली की आतली जागा कमी होते, मेंढीला फार चारा खाता येत नाही, आणि गरज मात्र वाढलेली असते. मग ती अंगातली चरबी जाळते. कळपामागं पडते, खाणं सोडते, आंधळ्यागत उभी राहते. आजी अशा मेंढीला गूळपाणी पाजायची.

व्यायल्यावर आजी दोन्ही कोकरं मायपुढंच ठेवायची, कारण मेंढी पिल्लू ओळखते ती वासानं. पहिल्या दोन-तीन तासांत दोघांना चीक मिळालाच पाहिजे. मग दोन-तीन दिवस तिघांना आडोशाला वेगळं ठेवायचं. दूध कमी पडलं तर शेळीचं.

फलटणला 1968 साली सुरू झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हाच प्रश्न उलट्या बाजूनं धरला. जुळी हवीतच, पण मग ती जगवायची कशी? 1990 च्या दशकात तिथं बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी आणून दख्खनीशी संकर सुरू झाला. गारोळ अंगानं लहान, पण जुळी-तिळी देणारी. त्यामागं एकच जनुक आहे, फेक-बी. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही तेच सापडलं, आणि 1790 च्या दशकात कलकत्त्याहून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांकडून ते तिथं पोचलं असावं असं मानतात. 2001 साली हा जनुकातला बदल नेमका कळला, तेव्हापासून रक्ताच्या तपासणीवरून जुळीवाली मेंढी निवडता येते. फलटणच्या या वाणाचं नाव नारी सुवर्णा.

पण जनुक फक्त कोकरं वाढवतं, दूध नि चारा नाही. फिरत्या कळपात जुळी वाढली आणि ढेप मिळाली नाही, तर मेलेली कोकरं वाढतील. जुळीचा फायदा त्यालाच, ज्याच्याकडं गाभण मेंढीला वेगळं बांधायला जागा आहे आणि रात्री उठणारं माणूस आहे. आमच्याकडं ते माणूस नेहमी बाईच होती. विकण्याचा भाव ठरवताना मात्र तिला कोणी विचारलं नाही.

आता ढाणकीत चराईची पडीक जमीन उरली नाही, कळपही मोजकेच. माझा पुतण्या दहा-बारा मेंढ्या गोठ्यातच ठेवतो. गेल्या थंडीत त्याच्याकडं जुळी झाली, दोन्ही जगली. आजीचं नावही त्याला नीट माहीत नाही. पण गाभण मेंढीपुढं तो ढेप टाकतो ती शेवटच्या दीड महिन्यातच.