डेट्रॉइटची भिंत

आजची गोष्ट एका भिंतीची. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात ती आजही उभी आहे. उंची साधारण ६ फूट, लांबी जवळपास अर्धा मैल.

साल १९४१. एका बिल्डरला तिथे गोऱ्या कुटुंबांसाठी घरं बांधायची होती. पण शेजारीच काळ्या लोकांची वस्ती. गृहकर्जाला सरकारी हमी द्यायची ती फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. त्यांच्या लेखी ही जागा धोक्याची, म्हणून हमी नाही. मग बिल्डरनं दोन वस्त्यांच्या मधे भिंत घातली. आणि हमी मिळाली!

आता सांगा, यात वाईट माणूस कोण? कुणी कुणाला शिवी द्यायची गरजच नव्हती. नियमच असा होता, की शेजारी काळे आले म्हणजे घराची किंमत पडणार. फायलीवर सही करणारा तेवढा नियम पाळायचा. संस्थात्मक वंशवाद म्हणतात तो हाच.

१९६८ साली घरांबाबतचा असा भेदभाव कायद्यानं बंद झाला. पण तोवर कितीतरी गोऱ्या कुटुंबांची घरं झाली होती. त्यांच्या किमती वाढल्या, पुढच्या पिढीला आधार मिळाला. अनेक काळी कुटुंबं भाडंच भरत राहिली.

म्हणून या विषयावर बोलताना ‘मी कुणाचा द्वेष करत नाही’ एवढं पुरत नाही. विचारायचं ते हे, की कुणाला काय मिळालं आणि कोणत्या नियमानं?

त्या भिंतीवर आता रंगीत चित्रं आहेत. भिंत मात्र तिथेच आहे. भेटूया पुढच्या भागात!