मिनाच्या लेकी-नाती

व्हॅम्पायर मारणारी बाई म्हटलं की बहुतेकांना टीव्हीवरची बफी आठवते. पण वंशावळ लावायला बसलं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. तिथे जी मूळ बाई भेटते तिच्या हातात लाकडी सूळ नसून टाइपरायटर आहे.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’तली (१८९७) मिना हार्कर ही शाळामास्तरीण. लघुलिपी येते, आगगाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या मंडळींपैकी डॉक्टर सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेली रोजनिशी ती ऐकून टाइप करते, एकदम तीन प्रती काढते, सगळ्यांच्या नोंदी तारीखवार लावते. ड्रॅक्युला मूळ कागद जाळतो तेव्हा तिजोरीतली प्रत शाबूत राहते, ती तिच्या या शिस्तीमुळे. तरी तिच्या गटातली पुरुषमंडळी ठरवतात की पुढचं काम बाईमाणसाचं नव्हे. तिला बाजूला ठेवतात आणि नेमकी तेव्हाच ती ड्रॅक्युलाच्या तावडीत सापडते. पुढे तो कोणत्या नदीने पळतोय हे नकाशे पाहून शोधते तीच. शेवटचे वार मात्र नवऱ्याच्या कुकरीचे आणि एका अमेरिकन मित्राच्या सुऱ्याचे. मिना खडकाआडून बघते. स्टोकरने डोकं सगळं तिला दिलं आणि घाव दुसऱ्यांकडे ठेवले.

मधली वर्षं या बाबतीत कोरडीच. १९७२मध्ये मार्व्हलच्या ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ या कॉमिकमध्ये रेचेल व्हॅन हेल्सिंग क्रॉसबो घेऊन आली खरी, पण स्टोकरच्या कादंबरीतल्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगच्या आडनावाच्या पुण्याईवर.

खरं नवं रक्त आलं ते भयकथेबाहेरून. १९८२मध्ये सारा पॅरेट्स्की आणि स्यू ग्राफ्टन यांनी आपापल्या खासगी गुप्तहेर बायका उभ्या केल्या: एकटीने राहणाऱ्या, घरभाडं भरणाऱ्या, फटकळ. अशीच बाई टान्या हफने १९९१मध्ये भयकथेत, टोरांटोत आणली. व्हिकी नेल्सन ही माजी पोलीस. डोळ्यांच्या आजाराने तिला अंधारात दिसत नाही, आणि गिऱ्हाइकं अंधारातली! दोन वर्षांनी लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक आली. तिच्या सेंट लुईसमध्ये व्हॅम्पायरांना कायद्याने नागरिक मानलंय. मेलेल्यांना उठवणं ही अनिताची नोकरी, आणि गुन्हेगार व्हॅम्पायरला मारायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. कल्पना भन्नाट वाटते ती या सरकारी कागदांमुळेच.

बफी १९९२च्या सिनेमातून १९९७मध्ये टीव्हीवर आली आणि १४४ भाग चालली. तिचा जनक जॉस व्हीडन याची युक्ती साधी होती: भयपटात अंधाऱ्या गल्लीत हमखास मरणारी सोनेरी केसांची पोरगी या वेळी राक्षसालाच लोळवते. माझ्या मते मात्र बफी या घराण्यात दत्तक आलेली. तिचं बळ नियतीने दिलेलं, इतरजणींचं कमावलेलं. पण मालिका लिहिणाऱ्यांनाही ते खुपत असावं. पाचव्या पर्वात ती तिच्यावर नजर ठेवणाऱ्या देखरेख मंडळाला ठणकावून आपल्या गुरूचा थकलेला पगार मिळवते. सहाव्यात स्वतः बर्गरच्या दुकानात उभी राहते, कारण जग वाचवण्याचा मोबदला तिला कोणी देतच नाही. अनेक चाहत्यांना ते पर्व रटाळ वाटतं. मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

वाचक या बायकांकडे वळतात ते मारामारीसाठी, असं प्रकाशकांना वाटत असावं. एरवी मुखपृष्ठांवर इतकं चामडं दिसलं नसतं. पण पान उलटायला लावतं ते काम येणाऱ्या माणसाला काम करताना पाहण्याचं सुख. अनिताच्या पुढच्या पुस्तकांत तिच्या शक्ती आणि प्रियकर वाढत गेले, तपास मागे पडला आणि बरेच जुने वाचक तिथेच गळाले. पॅट्रिशिया ब्रिग्सची मर्सी थॉम्पसन २००६मध्ये आली. तिला कोल्ह्यासारख्या कायोटीचं रूप घेता येतं, दुसऱ्याच पुस्तकात ती व्हॅम्पायरच्या मागावर निघते. पोटापाण्यासाठी मात्र ती फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करते.