गावाच्या वर्गणीचं पदक

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत आखाडा भरतो. बारकी पोरं रेवड्यांवर झुंजतात, मोठ्या गड्यांचा इनाम गावच्या वर्गणीतून निघतो. गावानं पैलवानाला उभं करायची ही रीत कुठवर पोचते, ते खाशाबा जाधवांनी दाखवलं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, जन्म १९२६ चा. अंगानं लहानखुरे, पण भारी चपळ. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला गडी तिथं गादीवर खेळला, तरी सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं, तर पैसा नाही. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्या जुंपून लोकांनी त्यांना मिरवत गावात नेलं. मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि खर्डेकरांचं घर सोडवायला हातभार लावला.

पुढं ते पोलिसात फौजदार झाले. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तो त्यानंतर पंधराएक वर्षांनी. सरकारनं पदक बघूनही एवढा वेळ लावला. लोकांनी पदकाच्या आधीच गाठीचा पैसा सोडला होता.