जिभेचा नकाशा

मी शाळेत होतो तेव्हा पुस्तकात जिभेचे एक चित्र असे. टोकाला गोड, कडांना खारट नि आंबट, मुळाशी कडू. जणू चार भावांच्या वाटण्याच! एकदा घरी मिठाचा खडा जिभेच्या टोकावर ठेवून पाहिला. तो चांगला खारट लागला. पण पुस्तक कसे चुकेल? चुकली असेल आपली जीभच, असे समजून परीक्षेत तेच चित्र काढले आणि गुणही मिळवले.

चूक कुठे झाली, ते पुढे कळले. १९०१ साली जर्मनीत हेनिग यांनी जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदना मोजली. भागाभागांत फरक निघाले, पण अगदी थोडे. १९४२ साली अमेरिकेत बोरिंग यांनी आपल्या ग्रंथात ती मापे आलेखातून अशी मांडली की, जिथे चव थोडी कमी तिथे ती मुळीच नाही, असा वाचणाऱ्यांचा समज झाला. १९७४ साली कॉलिंग्ज यांनी फेरतपासणी केली, तरी चित्र पुस्तकांतून हलेना.

चवींच्या संख्येचेही तसेच. जपानच्या इकेदांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या सारातून 'उमामी' ही पाचवी चव दाखवली. तिला जगाची मान्यता मिळायला कित्येक दशके लागली. आपल्या चरकसंहितेत तर सहा रस आहेत. त्यांतले तिखट म्हणजे शास्त्राच्या भाषेत चव नव्हे, तो दाह. तुरटपणाही बराचसा स्पर्शाचाच. पण ठेचा खाणाऱ्याला हे सांगून पाहा!

आता ही विद्या यंत्रांच्या दारी आली आहे. माणूस आणि यंत्र यांच्या व्यवहारात रंग, आवाज, स्पर्श आहेत. मग चव का नसावी? इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या मारिआना ओब्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चव कुठे लागते एवढ्यावर न थांबता, ती चाखताना काय वाटते, हे लोकांनाच विचारले. आंबट झटकन येते नि जाते, कडू रेंगाळते, गोड सुखावते. तेव्हा खेळात जिंकणाऱ्याला गोडी द्यावी, हरणाऱ्याला कडवटपणा, अशा कल्पना पुढे आल्या.

यंत्रे चव देतील तेव्हा देवोत. त्याआधी खाणाऱ्याला विचारायचे, हा धडा मात्र मोलाचा. त्या दिवशी माझी जीभ खरे सांगत होती. मीच तिचे ऐकले नाही.