बर्फाचे घड्याळ

श्रीनगरहून लेहला जाणारी जुनी व्यापारी वाट जोजिला खिंडीतून जाते. उंची साधारण साडेअकरा हजार फूट. 1 नोव्हेंबर 1948 रोजी जनरल थिमय्यांच्या सैन्याने याच खिंडीत रणगाडे चढवले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत तिचे नाव आले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून टपाल घेऊन जाणारे हरकारे, हमाल आणि तट्टूवाले ही खिंड ओलांडत होते. त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांची एक रीत मात्र जुन्या प्रवासवर्णनांत नोंदलेली आहे. वसंतात ही माणसे जोजिला रात्री किंवा पहाटेच्या अंधारात ओलांडत. ऊन वर येण्याआधी पलीकडे पोचायचे, हा शिरस्ता.

ही अंधश्रद्धा नव्हती. वसंतात दिवसा बर्फ वितळतो, पाणी खालच्या थरांत झिरपते आणि बर्फाच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. अशा वेळी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरचा सगळा थर घसरू शकतो. यालाच आपण हिमस्खलन म्हणतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर तोच बर्फ पुन्हा गोठून घट्ट होतो. पूर्वेकडच्या उतारावर ऊन आधी येते, म्हणून तिथे धोकाही आधी जागा होतो. मग दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे. आणि रात्रभर ढग असतील तर बर्फ नीट गोठतच नाही. मग पहाटेचाही भरवसा धरता येत नाही.

या ज्ञानाला शास्त्राची जोड मिळायला वेळ लागला. स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ 1936 साली बर्फाच्या अभ्यासाचे काम सुरू झाले. आपल्याकडे 1969 मध्ये मनालीला हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था उभी राहिली. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च 1979 मध्ये, लाहौलच्या खोऱ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक माणसे नेली. नव्याने पडलेला जड बर्फ घड्याळ पाळत नाही, तो कधीही कोसळतो. 28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्यावर काम करणारे 54 मजूर सकाळी सकाळीच बर्फात सापडले. त्यांतले आठ जण गेले. म्हणून मोठ्या हिमवर्षावानंतर निदान एक-दोन दिवस थांबायचे, हा दुसरा शिरस्ता.

आता रस्ते झाले, बोगदे होत आहेत. पूर्वी पाच-सहा महिने बंद राहणारा जोजिला आता काही आठवड्यांत मोकळा होतो. हिवाळा आखूड झाल्यासारखा वाटतो. डोंगराला मात्र त्याची खबर नाही. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर दुपारी बाराच्या सुमारास बर्फ कोसळला आणि सात पर्यटक मरण पावले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती. ते पंधराव्या मैलाजवळ होते.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या मुंबई-पुण्याची कितीतरी मुले हिमालयात जातात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पहाटे निघा, दुपारच्या आत उतारावरून बाहेर पडा. धोक्याची जागा एकेकट्याने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित ठिकाणी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा. घळीच्या तोंडाशी फोटोसाठी थांबू नका, तंबू तर मुळीच ठोकू नका. बर्फात गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. इतक्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. मदत म्हणजे सोबतचे लोक, त्यांच्याजवळचे संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे.

आणि स्थानिक वाटाड्या 'आज नको' म्हणाला, तर सुट्टी संपत आली म्हणून, पैसे भरलेत म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्या दोन शब्दांमागे बिननावाच्या हरकाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या उभ्या आहेत. त्यांतल्या काहींनी हे ज्ञान जिवाचे मोल देऊन मिळवले. आपल्याला ते फुकट मिळते आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)